दफ्तरावरचं बोट : कुलकर्ण्यांपासून रस्टपर्यंत

मु. पो. बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर. शाळेच्या वह्यांवर हा पत्ता इतक्या वेळा लिहिलाय की त्यात काही पाहण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही. पुढे इंजिनिअरिंगला डेटा स्ट्रक्चर शिकताना कळलं की हा पत्ता म्हणजे डब्यातला डबा आहे. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात गावं, गावात गट नंबर, गटात पोटहिस्से आणि पोटहिस्स्यावर खातेदारांची नावं. आमच्या धंद्यात याला नेस्टेड कलेक्शन म्हणतात.

बिद्री म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी साखर कारखाना आठवतो. मौनीनगरचा दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. कागल, भुदरगड, राधानगरी आणि करवीर अशा चार तालुक्यांतला ऊस इथे येतो. कुठल्याही साखर कारखान्याच्या शेती खात्यात ऊस नोंदीचे असेच डब्यात डबे असतात : गट ऑफिस, गाव, शेतकरी, शेतकऱ्याचा प्लॉट, आणि प्लॉटपुढे लागण की खोडवा, उसाची जात, लागणीची तारीख. हंगाम तोंडावर आला की गावात प्रश्न एकच असतो, तोड कुणाला आधी. या प्रश्नाचं उत्तर सगळ्या डब्यांच्या तळाशी असतं. तिथवर कोण जातो, कुठल्या क्रमानं जातो आणि कुठे थांबतो, यावर उसाचं वजन ठरतं आणि पुढचं पीक वेळेवर घेता येईल की नाही हेही ठरतं.

डबे करणं सोपं आहे. अवघड आहे ते त्यातून चालणं. चालणाऱ्याला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात : आत्ता आपण कुठे आहोत, आणि यानंतर काय. जुना कारकून वही तपासताना ओळीवर बोट ठेवायचा. कुणी मध्येच हाक मारली तरी बोट जागेवर राहायचं, आणि परत येऊन तो त्याच ओळीपासून पुढे जायचा. प्रोग्रॅमिंगमध्ये या बोटाला इटरेटर म्हणतात. तो माल साठवत नाही. मालातून कुठवर आलो ते लक्षात ठेवतो आणि 'पुढचं दे' म्हटलं की पुढचं देतो. एवढंच त्याचं काम. पण हे बोट कुणाचं असावं यावर आपल्याकडे संगणक यायच्या कितीतरी आधी मोठं भांडण झालं होतं, आणि ते कोल्हापुरात झालं होतं.

गावचं दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असायचं. कागद मोडीत, मांडणी घराण्यात चालत आलेली. रयतेतला माणूस येऊन विचारायचा, माझ्या नावावर किती, माझ्याकडे बाकी किती. कुलकर्णी दफ्तर सोडायचा, बोट फिरवायचा आणि उत्तर सांगायचा. आत कागद कसे लावलेत हे विचारणाऱ्याला ठाऊक नसायचं. आजचा प्रोग्रॅमर याला अॅबस्ट्रॅक्शन म्हणेल आणि कौतुक करेल, कारण आतली मांडणी न कळता काम होतं. मात्र वाचून दाखवणारा जेवढं वाचेल तेवढंच तुमच्या पदरात पडतं. मधली ओळ गाळली तर तुम्हाला कळायला मार्ग नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुलकर्ण्यांवर जो राग आहे, त्याचं एक मूळ इथे आहे. जमीन शेतकरी कसायचा, पण त्या जमिनीबद्दल काय लिहिलंय ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं.

१९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. तलाठ्याच्या कामासाठी अस्पृश्य समाजातल्या मुलांनाही तयार करण्याचा त्यांचा आग्रह होता. हा निर्णय जातीच्या राजकारणाचा भाग म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा होताच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दफ्तर तेच राहिलं, गावं तीच, नोंदीही त्याच. बदललं ते दफ्तरावरचं बोट. ते वंशपरंपरेनं मिळण्याऐवजी नेमणुकीनं मिळू लागलं, त्यामुळे ते काढूनही घेता येऊ लागलं. (कागल तेव्हा कोल्हापूरच्या पोटातली जहागीर होती. म्हणजे संस्थानातही डब्यात डबा होताच.)

शोधाची दुसरी मोठी गोष्ट पुण्यातली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांच्या हाती आलं. ते कापडाच्या रुमालांत बांधलेलं असे : दफ्तराचे विभाग, विभागात रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. विभागांची नावंही ऐकण्यासारखी आहेत : रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, शाहू दफ्तर. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनाम कमिशन बसलं. अमुक माणसाचं इनाम खरं की खोटं, हा कमिशनचा प्रश्न होता आणि तो सोडवायला हे कागद चाळले आणि लावले गेले. सरकारला दफ्तर जमिनीच्या दाव्यांसाठी हवं होतं. इतिहासाच्या अभ्यासकांना आत शिरायला बराच काळ मिळालंच नाही.

दार किलकिलं झालं तेव्हा गोविंद सखाराम सरदेसाई साठी ओलांडलेले होते. जदुनाथ सरकारांच्या पाठिंब्यानं त्यांच्याकडे हे काम आलं. साहाय्यकांना हाताशी धरून त्यांनी सुमारे पस्तीस हजार रुमाल नजरेखालून घातले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले. हे काम किती अवघड होतं ते प्रोग्रॅमरला लगेच कळेल. कागद हिशेबाच्या आणि प्रांताच्या सोयीनं लावलेले होते आणि सरदेसायांचा प्रश्न वेगळाच होता : यात राजकारण, लढाया, माणसं कुठे आहेत? ज्या प्रश्नासाठी मांडणी केलेली नाही तो प्रश्न विचारला की आडवाट उरत नाही. पहिल्या रुमालापासून शेवटच्या रुमालापर्यंत चालावं लागतं.

सरदेसायांच्या शोधात आणि कुलकर्ण्याकडे आलेल्या माणसाच्या शोधात एक फरक आहे. त्या माणसाला एक नोंद सापडली की काम संपलं. सरदेसायांना जुळणारा प्रत्येक कागद हवा होता, म्हणून त्यांना मध्येच थांबता येत नव्हतं. रस्ट या भाषेत या दोन शोधांना दोन नावं आहेत, फाइंड आणि फिल्टर. पण रस्टपर्यंत यायला आणखी ऐंशी वर्षं लागली, आणि त्यातली निम्मी तर संगणकात बोट कुणाकडे द्यायचं हे ठरवण्यातच गेली.

सुरुवातीच्या भाषांमध्ये बोट असं वेगळं नव्हतंच. नंबर मोजत जायचं : पहिला, दुसरा, तिसरा. डब्यात डबा आला की लूपमध्ये लूप. तिसऱ्या लूपमध्ये हवं ते सापडलं की तिन्ही लूपमधून बाहेर कसं पडायचं, यासाठी सी भाषेत अजूनही कुणी 'सापडलं' नावाचा एक झेंडा उभा करतं, कुणी सरळ गोटू लिहितं. त्यातही आतली मांडणी बदलली की चालण्याचे सगळे लूप पुन्हा लिहायचे.

१९७० च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी क्लू नावाची भाषा घडवत होते. डेटाची आतली मांडणी झाकून ठेवायची, बाहेरच्याला फक्त ठरलेली कामं करता यावीत, असा तिचा मूळ विचार होता. पण मांडणी झाकली की पेच पडतो. झाकलेल्या डब्यातल्या प्रत्येक वस्तूवर काम करायचं असेल तर लूप कसा लिहायचा? कार्नेगी मेलनमध्ये अल्फार्ड नावाच्या भाषेवर काम चाललं होतं. तिथला जनरेटरचा विचार लिस्कोव्ह यांच्या गटाला मोलाचा वाटला, पण फार गुंतागुंतीचा. त्यातून त्यांनी आपला सुटसुटीत इटरेटर काढला. डबा स्वतःच एकेक वस्तू बाहेर देणार आणि बाहेरचा फॉर लूप ती घेणार. वस्तू देताना जो शब्द वापरायचा तो यील्ड. आज पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत आहे. लिस्कोव्ह यांना २००८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं त्यामागे क्लूसारखं काम होतं.

क्लूचा इटरेटर फॉर लूपच्या आतच चालायचा. एका वेळी एकच बोट. एक वही वाचायला ते पुरतं. दोन वह्या शेजारी ठेवून ताडायच्या असतील, समजा एकीकडे ऊस नोंद आणि दुसरीकडे सातबाऱ्यावरचं क्षेत्र, तर दोन बोटं लागतात. हे थोडं पुढे सरकवायचं, मग ते. वाचून दाखवणारे दोघं असतील आणि दोघंही आपापल्या वेगानं थांबल्याशिवाय वाचत सुटले, तर तुम्ही ताडणार कसं?

सी प्लस प्लसनं बोट पूर्णपणे वापरणाऱ्याच्या हातात दिलं. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची एसटीएल ही लायब्ररी १९९४ च्या जुलैमध्ये सी प्लस प्लसच्या प्रमाण समितीनं स्वीकारली. तिच्यात इटरेटर म्हणजे सुधारलेला पॉइंटर. हवी तेवढी बोटं, हवी तिथे ठेवा. स्वातंत्र्य भरपूर, धोकाही तेवढाच. तुम्ही बोट ठेवून वाचताय आणि त्याच वेळी कुणी वहीत नवं पान घातलं, तर जागा पुरावी म्हणून संगणक अख्खी वही दुसरीकडे हलवू शकतो. तुमचं बोट जुन्या, रिकाम्या जागेवर राहतं. प्रोग्रॅम कधी कोसळतो. कधी कोसळत नाही आणि चुकीचं उत्तर देतो, ते जास्त वाईट.

रस्ट ही ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःच्या हौसेनं सुरू केलेली भाषा. २००९ पासून मोझिलानं तिला पाठबळ दिलं आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. सुरुवातीच्या रस्टमध्ये इटरेटर कुलकर्णी पद्धतीचा होता. तुम्ही काय करायचं ते डब्याला सांगायचं, आणि डबा स्वतःच आत फिरून प्रत्येक वस्तूवर ते काम करायचा. थांबायचं असेल तर तसा निरोप परत पाठवायचा. याला आतला इटरेटर म्हणतात. दोन वह्या ताडण्याची अडचण इथेही होतीच. २०१३ मध्ये हे बदललं. त्या सप्टेंबरातल्या ०.८ आवृत्तीपासून फॉर लूप बाहेरच्या इटरेटरवर चालू लागला. 'पुढचं दे' म्हणण्याचा अधिकार लूप लिहिणाऱ्याकडे आला. रस्टच्या इतिहासात ही नोंद एका ओळीची आहे. मला ती कोल्हापूरच्या १९१८ ची आठवण करून देते.

डब्यातल्या डब्यातला शोध आता असा लिहिता येतो. खऱ्या कोडमध्ये भाषेचे शब्द इंग्रजीतच राहतात, पण आपण ठेवलेली नावं देवनागरीत चालतात. रस्टनं २०२१ मध्ये १.५३ आवृत्तीत ती सोय दिली. इथे सगळंच देवनागरीत लिहितो :

तालुके.इटर()
.फ्लॅट_मॅप(|ता| ता.गावं.इटर())
.फ्लॅट_मॅप(|गा| गा.गट.इटर())
.फाइंड(|ग| ग.क्रमांक == ११२)

प्रत्येक तालुक्यातली गावं काढ आणि एका रांगेत लाव. प्रत्येक गावातले गट काढ आणि एका रांगेत लाव. त्यातला ११२ क्रमांकाचा पहिला गट दे. वाचताना वाटतं की आधी जिल्ह्यातल्या सगळ्या गटांची रांग तयार होते आणि मग शोध सुरू होतो. तसं होत नाही. रस्टचे इटरेटर आळशी आहेत आणि हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. मागितल्याशिवाय ते काहीच करत नाहीत. शेवटच्या ओळीतला फाइंड 'पुढचं दे' म्हणतो, ती मागणी वर जाते, एक गट खाली येतो. पहिल्याच गावात ११२ मिळाला तर बाकीची गावं उघडलीही जात नाहीत. शेवटी काही न मागता नुसती साखळी लिहून ठेवली तर कंपायलर सूचना देतो की हा इटरेटर आळशी आहे, वापरला नाही तर काही करणार नाही.

आता वरच्या चार ओळींमधली मेख. गट क्रमांक ११२ बिद्रीत असेल, शेजारच्या गावात असेल, कागल तालुक्याच्या दुसऱ्या टोकालाही असेल. क्रमांक प्रत्येक गावात नव्यानं सुरू होतात. शोध ११२ आणून देईल, पण कुठल्या गावचा ते सांगणार नाही. डबे सपाट करताना डब्यावरचं नाव मागे राहिलं. उपाय सोपा आहे. गट एकटा पाठवायचा नाही, गावाचं नाव त्याच्याशी बांधून पाठवायचा, म्हणजे खाली येणारी प्रत्येक वस्तू 'गाव आणि गट' अशी जोडी असेल. दफ्तरखान्यात काम करणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. कागद रुमालातून काढला आणि कुठल्या रुमालातला ते लिहून ठेवलं नाही, तर त्याची निम्मी साक्ष गेली. त्या कागदाच्या वर काय होतं, खाली काय होतं, यावरूनच कितीदा त्याची तारीख आणि संदर्भ लागतो.

बोट ठेवलेलं असताना वही हलण्याचा सी प्लस प्लसचा प्रश्न रस्टनं नियमानं सोडवला. एका वेळी वाचणारे कितीही असोत, पण कुणी वाचत असताना लिहिणं नाही, आणि लिहिणारा असेल तेव्हा तो एकटाच. हा नियम प्रोग्रॅम चालण्याआधी, कंपायलरच्या पातळीवर तपासला जातो. महसुलातली रीत यासारखीच आहे. सातबारा कुणीही मागावा, पण त्यात थेट खाडाखोड करायची नाही. बदल आधी फेरफार वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये लिहायचा. मुदत देऊन नोटीस काढायची, मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची, मगच सातबारा बदलायचा.

इथे एक उलटा धागाही आहे. आतला इटरेटर रस्टमधून पूर्ण गेला नाही. फ्लॅट_मॅपसारख्या साखळीत बाहेरून दर वेळी 'पुढचं दे' म्हटलं की आत तपासावं लागतं, चालू गाव संपलं का, संपलं असेल तर पुढचं कुठलं. हीच साखळी एकदाच आत सोपवली आणि 'सगळ्यांवर हे कर' म्हटलं, तर ही तपासणी टळते आणि काम पुष्कळदा वेगानं होतं. म्हणून २०१७ मध्ये रस्टनं फॉर_ईच दिलं, आणि फाइंडसुद्धा पडद्याआड त्याच पद्धतीनं चालतो. वाचून दाखवणारा कामाचा असतो. फक्त तो हवा तेव्हा बाजूला करता आला पाहिजे.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा हे सगळं पुन्हा घडताना दिसलं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारनं आकडे सांगितले : सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले, ११,५३० नोंदी सापडल्या. पुढे शोध राज्यभर गेला. समितीला प्रत्येक नोंद मोजायची होती, म्हणजे फिल्टर. एखाद्या घराला पणजोबांची एक नोंद हवी होती, म्हणजे फाइंड. आणि मोडी वाचणारी माणसं थोडी, त्यामुळे शंभर वर्षांनी बोट पुन्हा मोजक्या हातांत गेलं. अनेक जिल्ह्यांनी कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकले, गावनिहाय. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यातून पानापानानं पुढे जाता येतं, नावानं शोधता येत नाही.

सातबारा आज मोबाइलवर मिळतो. महाभूलेखवर जिल्हा निवडायचा, मग तालुका, गाव आणि मग गट नंबर किंवा नाव. नीट पाहिलं तर बाहेरचे सगळे लूप आपणच चालवतो, साइट फक्त सर्वांत आतल्या डब्यात शोधते. जिल्हाभर एका नावाचा शोध ती देत नाही. यामागे खाजगीपणाचा विचार असेल तर मला तो पटतो. गावगुंडाला किंवा दलालाला एका क्लिकवर कुणाची किती जमीन कुठे आहे ते कळू नये. पण २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, आणि वाटा मागायचा तर जमीन कुठे आहे ते आधी माहीत हवं. जिचे वडील लवकर गेले, जिला चुलत्यांनी कधी काही सांगितलं नाही, तिच्याकडे फक्त आडनाव असतं आणि 'भुदरगडकडं कुठंतरी' एवढा पत्ता. तिला तालुक्यातलं एकेक गाव निवडून, नाव टाकून, पुन्हा मागे येऊन पुढचं गाव निवडावं लागतं. कुठल्या गावापर्यंत पाहून झालं ते ती कागदावर लिहून ठेवते.